न्यायला कोण येणार?

सकाळी सतरा मुलं आत गेली होती आणि काचेतून सोळाच दिसत होती. आजोबांनी पुन्हा मोजलं. दाराची काच गोल, जेवणाच्या ताटाएवढी. तिला दोन्ही डोळे लावायचे म्हणजे नाक चेपायचं. ते चेपून घेऊन त्यांनी तिसऱ्यांदा मोजलं. सोळाच. त्यांनी दार ठोठावलं.

निळ्या टी-शर्टातली, मुलांच्या क्लबची ताई बाहेर आली. सहलीच्या बोटीवर येऊन तिसरा दिवस, आणि तिसऱ्या दिवशीही दाराशी तेच आजोबा.

"बोला आजोबा."

"सतरा गेली होती. सोळा आहेत."

"एकजण तंबूत बसलीये," ताईनं मागे वळूनही न बघता सांगितलं. "आईची आठवण आली की बसते. येईल थोड्या वेळानं."

थोड्या वेळानं कापडी तंबूतून दोन वेण्या बाहेर आल्या. हिशेब जुळला. पण आजोबांचं समाधान व्हायच्या ऐवजी त्यांच्या मनात पाल चुकचुकली. न बघता कसं सांगितलं हिनं? उत्तर पाठ केलेलं दिसतंय.

माणसाला सवयी नोकरीतून लागतात आणि नोकरी सुटली तरी सवयी सुटत नाहीत. आजोबा एकतीस वर्षं औषधांच्या कारखान्याच्या फाटकावर तपासनीस होते. सुटणाऱ्या पाळीतला प्रत्येक माणूस त्यांच्या हाताखालून जायचा. डब्याच्या दुहेरी बुडात, चपलेच्या तळव्यात, एकदा तर प्लास्टर घातलेल्या हातात त्यांनी गोळ्यांची पाकिटं पकडली होती. हात मोडलेलाच नव्हता. तेव्हापासून कुणाच्याही प्लास्टरकडे बघताना आजोबांच्या चेहऱ्यावर सहानुभूती यायला जरा वेळ लागे.

मुलगा दूरच्या शहरात. नातवंडं वर्षातून एकदा, सहा दिवस भेटायची. आजी गेल्यापासून त्या सहा दिवसांवर आजोबा उरलेलं वर्ष काढत. यंदा मुलानं सगळ्यांना बोटीवर आणलं होतं. "बाबा, एकत्र राहू या, निवांत," असं फोनवर म्हणाला होता. आणि इथं येऊन बघतात तर नाश्ता झाला रे झाला की तिन्ही नातवंडं क्लबमध्ये पसार. संध्याकाळी परत येत ती खूश होऊन आणि पेंगुळलेली. क्लबात जाताना एकही मूल रडत नव्हतं. आजोबांना हेच खटकत होतं. घरच्यांना सोडून जाताना मूल रडत नाही म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. सरबतात काय घालतात कोण जाणे!

त्या रात्रीच्या जेवणाला त्यांनी उलटतपासणी घेतली. आधी नऊ वर्षांचा मधला.

"दिवसभर काय केलंत?"

"शेवयांचा पूल बांधला. कच्च्या. मग त्यावर वजनं ठेवून ठेवून मोडला."

"मोडला कुणी?"

"आम्हीच! मोडायलाच तर बांधला होता."

अन्नाची नासाडी, आणि तीही शिकवून. आजोबांनी मनात नोंद केली. मग तेरा वर्षांची थोरली.

"तू गं?"

"काही नाही."

"दिवसभर काही नाही?"

"हो आजोबा. तिकडे कुणी काही करच म्हणत नाही. आम्ही नुसते पडलेले असतो. मस्त वाटतं."

आजोबांनी दुपारी मोठ्या मुलांच्या त्या खोलीतही डोकावून घेतलं होतं. दहा-बारा पोरं मऊ गाद्यांवर आडवी पडलेली. कुणी कुणाशी बोलत नव्हतं आणि सगळी मजेत होती. हे काय प्रकरण आहे ते त्यांना आकळलं नव्हतं. शेवटी साडेचार वर्षांची चिमी.

"मी चित्र काढलं," ती म्हणाली. "भिंतीएवढं."

"अरे वा! दाखव की."

"नाहीये आता."

"नाहीये म्हणजे? कुठं गेलं?"

"वाळलं."

आजोबांनी मुलाकडे अर्थपूर्ण नजरेनं पाहिलं. चित्र वाळून नाहीसं होतं हे त्यांनी साठ-सत्तर वर्षांत ऐकलं नव्हतं. मुलगा शांतपणे सूप पीत होता.

चौथ्या दिवशी दुपारी त्यांच्यानं राहवेना. मुलगा आणि सूनबाई पोहायच्या तलावावर गेलेत असं बघून ते क्लबच्या दाराशी गेले.

"चिमीला न्यायला आलोय. मी तिचा आजोबा."

ताईनं यादीवरून बोट फिरवलं. "आजोबा, माफ करा. तिला न्यायला आई आणि बाबा एवढीच नावं आहेत."

"राहिलं असेल. मी सख्खा आजोबा आहे."

"हो, दिसतंच आहे. नाक सेम आहे. पण नाव नाही."

आणि मग आजोबांनी ते सगळं केलं, जे एकतीस वर्षं लोक त्यांच्यापुढे करत आले होते. आधी आवाज चढवला, "तुमच्या वरिष्ठांना बोलवा." वरिष्ठ आले आणि यादी बघून तेच म्हणाले. मग मोबाइलमधला फोटो दाखवला: चिमी त्यांच्या मांडीवर. ताई म्हणाली, "गोड आहे." मग ते गयावया करण्यावर आले, "पाचच मिनिटं गं पोरी, लगेच आणून सोडतो." ताईनं एक खुर्ची आणून दिली, पाणी दिलं, आणि दार काही सोडलं नाही.

आजोबा खुर्चीत बसले. अपमानानं कान तापले होते, आणि त्याच वेळी त्यांच्यातला जुना तपासनीस मनातल्या मनात मान डोलवत होता. बाई पक्की आहे. आमच्या फाटकावर चालली असती.

म्हणजे घोळ ताईचा नव्हता. नाव घातलं नव्हतं ते घरच्यांनी. आणि घरच्यांपैकी कुणी, हे आजोबांनी ताबडतोब ठरवून टाकलं. सूनबाई. लग्न झाल्यापासून तिच्या गोड बोलण्यामागे काय आहे ते त्यांना कधी सापडलं नव्हतं, म्हणूनच तिच्याबद्दलचा संशय कधी गेला नव्हता.

रात्री जेवायला बसल्यावर त्यांनी थेट विचारलं, "सूनबाई, चिमीच्या यादीत माझं नाव का नाही?"

सूनबाईचा घास हातातच राहिला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग चिमीकडे.

"माझंच चुकलं बाबा," ती म्हणाली. "फॉर्म भरायच्या घाईत राहून गेलं."

खोटं. आजोबांनी ते तत्क्षणी ओळखलं. खोटं बोलणारा माणूस आधी नजर भलतीकडे नेतो आणि मग फार पटकन कबूल करतो. सापडली! ते खुर्चीत ताठ झाले.

"राहून गेलं की घातलं नाही?"

"आई, खोटं कशाला बोलतेस?" मधला मध्येच म्हणाला. त्याचं सगळं लक्ष बटाट्यांवर होतं. "बाबा सांगत होते आजोबांचं नाव. ताई म्हणाली, इथं लहान मुलांनाही विचारतात, न्यायला कोण येणार. तर चिमीच म्हणाली, आजोबा नकोत."

"अरे गप!" मुलगा म्हणाला.

चिमीनं मात्र मान वर केली. तिला यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही.

"आजोबा लग्गेच नेतात," ती म्हणाली. "बागेत पण. घसरगुंडी एकदाच. मग म्हणतात, चला."

आजोबांना बागेतली ती घसरगुंडी आठवली. तिच्या शिडीचा एक नट ढिला होता. निदान त्यांना तसा वाटला होता. मग बाकावर बसलेला तो माणूस नीट वाटला नव्हता, मग ऊन वाढलं होतं, मग ढग आले होते. दर वेळी काहीतरी कारण होतंच. पोरीला एकदाच घसरू देऊन त्यांनी तिला सुखरूप घरी आणलं होतं. सुखरूप आणली याचाच त्यांना अभिमान होता. तिला अजून घसरायचं होतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"बाबा, लहान आहे हो ती," सूनबाई हलकेच म्हणाली. "उद्या सकाळी जाऊन घालून टाकते मी नाव."

तिनं स्वतःवर घेतलं होतं. त्यांना लागू नये म्हणून. इतकी वर्षं ते या बाईची मनातल्या मनात झडती घेत होते, आणि हे एवढंच होतं तिच्याकडे लपवलेलं. आजोबांना तिच्याकडे बघायचं धाडस होईना.

"नको," ते म्हणाले. "यादी बरोबर आहे." आणि थोड्या वेळानं, "भात घे गं थोडा. काहीच खाल्लं नाहीस तू."

पाचव्या दिवशी ते क्लबकडे फिरकले नाहीत. डेकवर बसून राहिले. समुद्रात मोजण्यासारखं काही नव्हतं. सहावा दिवस शेवटचा. दुपारी मुलगा म्हणाला, "चला बाबा, चिमीला घेऊन येऊ." तेव्हा ते उठले, पण दाराशी मुलाच्या दोन पावलं मागेच थांबले. दार उघडं होतं. आत चार-पाच चिमुरडी हातात रंगाऱ्याचे जाडे ब्रश घेऊन, बादलीतल्या साध्या पाण्यानं करड्या भिंतीवर चित्रं काढत होती. ओलं होई तिथं हत्ती दिसे, झाड दिसे. सुकलं की भिंत पुन्हा कोरी. मुलं पुन्हा काढत. चित्र खरोखरच वाळत होतं. पोरगी अक्षरशः खरं बोलली होती.

मुलानं सही केली. चिमी कोपरापर्यंत भिजलेली, डोळे मिटायला आलेले, अशी बाहेर आली.

"बाबा, हिला घेता का? मी मधल्याचं दप्तर घेऊन येतो."

आजोबांनी हात पुढे केले आणि मध्येच थांबवले. गुडघे कुरकुरत असतानाही ते तिच्यासमोर खाली बसले.

"येशील माझ्याकडे?"

चिमीनं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. ती नजर त्यांचीच होती, फाटकावरची.

"लग्गेच खोलीत नाही ना न्यायचं?"

"नाही."

"लांबून जायचं?"

"तू म्हणशील तितकं लांबून."

तिनं जरा विचार केला आणि दोन्ही हात वर केले. आजोबांनी तिला खांद्यावर घेतलं. दहा पावलं जायच्या आत तिची मान कलली, श्वास संथ झाला, ओली बाही त्यांच्या मानेला गार लागत राहिली.

लांबलचक बोळातून ते चालू लागले. दोन्ही बाजूंना सारखी दारं. पाठ भरून आली होती. त्यांच्या खोलीचं दार आलं. पोर गाढ झोपली होती, तिला काही कळलं नसतं. आजोबांनी दाराकडे पाहिलं, तिला नीट सावरून घेतलं, आणि ते पुढे चालत राहिले.