मिरच्यांचा ठसका

शिवांगीचं डोकं दुखायला लागलं की गोत्री भागातल्या त्या घरात सुतक पडायचं. पडदे ओढायचे, टीव्ही बंद, कुकरची शिट्टीसुद्धा होऊ द्यायची नाही. तिचा नवरा मयंक ओला रुमाल घेऊन उशाशी बसायचा आणि सासूबाई मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढायच्या. मिरच्या तव्यावर जळून काळ्या व्हायच्या, पण कुणाला ठसका लागायचा नाही.

"वास नाही की ठसका नाही! केवढी दृष्ट लागलीय पोरीला!" सासूबाई म्हणायच्या, आणि पोळ्या लाटणारी थोरली सून विजयमाला मान खाली घालायची. कारण ती जळत होती, अगदी त्या मिरच्यांसारखी. लग्न होऊन आल्यापासून तिने दिवसा कधी पाठ टेकली नव्हती. आणि ही कालची पोर! हिला दुखणंही कसं राजेशाही मिळालं होतं.

हल्ली विजयमालेचंही डोकं ठणकायचं. उठताना घेरी यायची, आरतीला निरांजनातली एक वात दोन दिसायची. पण सांगायचं कसं? धाकटीचं बघून थोरलीनेही सोंग आणलं, असंच म्हणतील सगळे. मरण पत्करलं, पण शिवांगीची नक्कल म्हणवून घेणं नको! मग ती गुपचूप फ्रिजवरच्या डब्यातल्या शिवांगीच्याच गोळ्या घ्यायला लागली. उतार पडत नव्हता, पण तिच्या वाट्याचं काहीतरी आपल्याला मिळालं, याचं समाधान मात्र होतं.

एका रविवारी तिने चहा कपात न ओतता बशीशेजारी ओतला. सगळे हसले. "चष्मा बदल आता," तिच्या नवऱ्याने, दिनकररावांनी थट्टा केली. शिवांगी हसली नाही. ती मागोमाग स्वयंपाकघरात आली.

"वहिनी, डब्यातल्या माझ्या गोळ्या कमी होतायत. तुम्ही घेताय ना?"

"चोर ठरवतेस मला?"

"नाही हो. पण माझी अर्धशिशी कॉलेजपासूनची, डॉक्टरांनी तपासून सांगितलेली. तुमचं आत्ता सुरू झालंय, त्यात उठताना भिंत धरता, दिसतंही अंधुक. हे अंगावर काढायचं नसतं. चला, मी रिक्षा बोलावते."

दवाखान्यात रक्तदाब एवढा निघाला की डॉक्टरांनी पट्टा पुन्हा बांधून बघितला. गोळ्यांचं कळल्यावर तर ते भडकलेच. "बेन, बीजानी दवा लेवाय?" दुसऱ्याचं औषध कुणी घेतं का, असं गुजरातीत खडसावलं. या गोळ्यांनी रक्तवाहिन्या आकसतात, असल्या रक्तदाबात त्या विषच, म्हणाले. तिला दाखल करून घेतलं, डोळे तपासले, रोजची गोळी सुरू केली. मीठ कमी, आणि जीभ अडखळली किंवा हात लुळा वाटला तर थेट इस्पितळ, असं बजावून घरी सोडलं.

घरी सासूबाई मिरच्या घेऊन तयारच होत्या. विजयमाला पाटावर बसली. आज तिचा नंबर होता. मिरच्या तव्यावर पडल्या आणि तिने मनोमन देवाला विनवलं, ठसका लागू देऊ नको. कुणीतरी, एकदा तरी, माझाही हेवा केलेला असू दे.

सगळं घर खोकायला लागलं. दिनकरराव गॅलरीत पळाले.

"दृष्टबिष्ट काही नाही हो," सासूबाई डोळे पुसत खुशीत म्हणाल्या. "निव्वळ दुखणं!"

विजयमालेला रडूच कोसळलं. सगळ्यांना वाटलं, धुरामुळे. शिवांगी मात्र तिचा हात धरून बसून राहिली. एक डोळा मिटलेला, दुसऱ्या हाताने कानशील दाबलेलं, चेहरा पांढराफटक. धुराने तिचं डोकं उठलं होतं, तरी ती हलली नव्हती. हे सोंग नाही, हे विजयमालेला प्रथमच कळलं.

"जा, अंधारात पड जा."

"तुम्हीही चला. डॉक्टरांनी आराम सांगितलाय."

भरदिवसा दोघी जावा पडदे ओढून शेजारी शेजारी आडव्या झाल्या. मयंक ओला रुमाल घेऊन आला. शिवांगीने हात पुढे करायच्या आत विजयमालेने तो घेतला आणि स्वतःच्या कपाळावर ठेवला.

"हिच्यासाठी दुसरा आण," ती म्हणाली.