पात्याला बंदी

आमच्या होडीत जावईबापूंचा मान माझ्याहून मोठा. जावईबापू म्हणजे होडीच्या मागच्या टोकाला बसवलेलं प्लायवूडचं पातं. होडी जराशी वळली की वाऱ्यानं पातं कलतं, त्याच्या दोऱ्या सुकाणूचा दांडा ओढतात आणि होडी पुन्हा वाटेला लागते. आमचे हे फ्रीज दुरुस्त करतात. पातं त्यांनीच बनवलं. हाताला गुण आहे, नाही म्हणणार नाही. पण दांडा माझ्या हाती द्यायचं नाव नाही. मी आपली दोर गुंडाळायला.

मला मात्र त्या पात्याचं भारी कुतूहल. ते कधी कलतं, किती कलतं, लाट आली तरी गप्प का राहतं, हे मी तासन्‌तास बघत बसायची. हळूहळू लक्षात आलं, ते करतं फार थोडं, पण वेळेवर.

यंदा आम्ही दोन जणांनी चालवायच्या होड्यांच्या शर्यतीत नाव दिलं. तपासनीसांनी पातं बोटानं ढकललं, दांडा हलला, तसे ते खूश होऊन पुन्हा ढकलू लागले. मग विचारलं, हे ओढतं कोण? यांनी छाती फुगवून सांगितलं, मोटर नाही, बॅटरी नाही, नुसता वारा. विजेचं यंत्र नको, एवढाच नियमाचा अर्थ यांनी काढला होता.

"वाऱ्यानं होडी पळू दे," तपासनीस म्हणाले, "पण शीड आणि सुकाणू हलवायचं तुम्ही दोघांनी, स्वतःच्या ताकदीनं. पातं काढा."

शिडाचे दोर ओढायला यांचेच दंड हवेत. दांडा आला माझ्याकडे. मी तो दोन्ही हातांनी धरला. आज चुकले तर तो पुन्हा जन्मात मिळणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी गालावर वारा घेतला. होडी वळू लागली की जरासा दांडा, वेळेवर. वळणाची खूण म्हणून तरंगत ठेवलेल्या पहिल्या बोयापर्यंत हे सारखे मागे वळून सूचना देत होते. दुसऱ्या बोयानंतर वळून बघायचे थांबले. नंबर आला मधलाच कुठलातरी.

शर्यत संपली, नियमही संपला. परतीच्या वाटेवर यांनी पातं उचललं, जागेवर लावायला गेले आणि थांबले.

"बसवू का गं?"

या होडीत मला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं.

"नको," मी म्हटलं.

यांनी पातं खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करून निवांत बसले. माझे डोळे भरून आले, पण पुसायला हात मोकळा नव्हता.