पाच महिने बाकी होते

मी बाटली बोलतेय. जाड काचेची, हिरवी, अंगानं जरा थोराडच. पण नावं ठेवू नका. माझ्या पोटात फेसाळणारी वाइन होती आणि तिचा जोर भलता असतो. नाजूक असते तर कधीच फुटले असते.

माझे मालक दुसऱ्याची द्राक्षं विकत घेत नाहीत. वेली त्यांच्या, तोडणी त्यांची, तळघरही त्यांचंच. टेकडीवरच्या खडकाळ तुकड्यातल्या वेली मात्र मालकीणबाईंनी लावल्या होत्या. तिथं काय उगवणार म्हणून सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. त्याच वेलींच्या पहिल्या तोडणीची मी.

द्राक्षं जराशी आंबट असतानाच तोडली, हलक्या हातानं दाबून रस काढला, त्याची वाइन झाली. ती माझ्यात भरताना मालकांनी थोडी साखर आणि यीस्ट घातलं आणि वर पत्र्याचं झाकण ठोकलं. यीस्टनं साखर खाल्ली, बुडबुडे केले आणि काम संपताच बिचारं मरून तळाशी बसलं. त्या गाळावर वाइन जितकी मुरेल तितकी चव चढते. मालकांचा नियम पाच वर्षांचा. काळ्या दगडावरची रेघ!

पाचव्या वर्षी आम्हाला भोकांच्या फळीत मान खाली करून लावलं. गाळ मानेशी यावा म्हणून प्रत्येकीला रोज थोडं थोडं फिरवायचं. ते काम मालकीणबाईंचं. "सरक गं बाई, किती तो आळस!" असं आम्हाला दटावत त्या फिरवायच्या. पुढं त्या पायऱ्यांवरच दम खात बसू लागल्या. मग त्यांची मुलगीच येऊ लागली. दुखणं साधं नाही, हे तिच्या सुजलेल्या डोळ्यांवरून कळलं.

एका सकाळी मालकीणबाई लेकीच्या खांद्याला धरून खाली आल्या.

"अहो, माझ्या वेलींची एक बाटली उघडा ना. घोटभरच."

"अगं, अजून पाच महिने राहिलेत. कच्ची बाटली मी गिऱ्हाइकाला देत नाही, तुला कशी देऊ?"

"बाबा, उघडा की. एका बाटलीनं काय होतंय?"

"तिच्या वेलींची पहिली चव आहे ती. अर्धवट नको."

मालकीणबाई हसल्या. "राहू दे गं. हट्टी माणूस आहे. थांबते मी."

माणूस वाईट नव्हता हो. चांगल्यातलं चांगलं तिला द्यायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. मी आतून ओरडत होते, झालेय मी, उघडा मला! पण बाटलीचं कोण ऐकतं?

दोन महिन्यांनी तळघर आठवडाभर बंद राहिलं. उघडलं तेव्हा मुलगी एकटीच आली आणि रडत रडत आम्हाला फिरवत राहिली.

पाच महिने भरले. माझी मान गोठवली, झाकण काढताच गाळाचा बर्फ उडाला. रिकामी जागा भरून मला बूच लावलं, तारेनं बांधलं. काही दिवसांनी मालकांनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडलं. एक घोट घेतला आणि ते बसूनच राहिले.

"कशी झालीय, बाबा?"

"छान." मग पेल्याकडं बघत म्हणाले, "तेव्हाही छानच लागली असती गं."

मुलीनं त्यांच्या हातातला पेला काढून घेऊन टेबलावर ठेवला.

आता मी रिकामी आहे, खिडकीत उभी असते. मालक कुणाला नाही म्हणत नाहीत. परवा भिंत दुरुस्त करायला आलेल्या गवंड्यानं कशी लागते म्हणून सहज विचारलं, तर चारच वर्षं मुरलेली एक बाटली त्याच्यासाठी उघडली.

बाबांनो, तुमच्या घरात कुणी घोटभर काही मागितलं, तर ते तयार आहे का हे बघत बसू नका. द्या. आमच्या मालकीणबाईंचं राहून गेलं.