चौथ्या देशाची सही

सोमवारी सकाळी माझ्या वाट्याला अकरा अर्ज आले. नववा क्षिप्राचा होता. क्षिप्रा माझी नणंद. पुण्यात समाजशास्त्र शिकवते, आणि तो महिनाभर एका परिषदेच्या निमित्ताने सिंगापूरला आमच्याच हौगांगच्या फ्लॅटवर उतरली होती.

आमचं ऑफिस सामाजिक शास्त्रं आणि मानव्यविद्या यांतल्या संशोधनाला निधी देतं. अट अशी, की किमान चार देशांतल्या संस्था एकत्र हव्यात. मी पहिली चाळणी लावते, म्हणजे कागद पुरे आहेत की नाहीत ते पाहते. या कामाला जीवरसायनशास्त्रातली डॉक्टरेट लागत नाही. नवऱ्याच्या, मुकुलच्या नोकरीसाठी इथे आले तेव्हा प्रयोगशाळा सुटली, नंतर हेच मिळालं.

अर्जदार नात्यातला निघाला की फाइल तिथेच मिटायची, हा नियम. मी मिटली नाही. बेचाळीस पानं वाचली.

परदेशी गेलेल्या बायका घरात एकट्या असताना स्वतःशी कोणत्या भाषेत बोलतात, हा तिचा विषय. पुणे, सिंगापूर, लेस्टर, मॉरिशस. पहिल्या पानावर मला हसू आलं. हे मोजणार कसं? सातव्या पानावर तिने ते लिहिलं होतं, आणि मला त्यात खोट काढता आली नाही. विसाव्या पानाशी माझ्या लक्षात आलं, की दूध उतू गेलं की मी मराठीत बोलते आणि एमआरटीची मेट्रो चुकली की इंग्रजीत. बारा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

अर्ज सुमार असता तर मी त्याला वाचवलं असतं.

कारण वाचवायची गरज होती. मॉरिशसच्या संमतिपत्रावर विभागप्रमुखांची सही होती, रजिस्ट्रारची हवी. एका देशाचं पत्र बाद, की चारही देश बाद. शुक्रवारी पाचपर्यंत कागद बदलता येतो. अशी चूक अर्जदाराला कळवणं आमच्यावर बंधनकारक नाही, पण मी नेहमी कळवते. शेजारच्या टेबलावरची हुई मिन कधीच कळवत नाही.

मी हितसंबंधाचा फॉर्म भरला. नातं: पतीची बहीण. फाइल हुई मिनकडे दिली.

"वाचलीस का काही?" तिने विचारलं.

"नाव दिसताच बंद केली."

"गुड, लाह," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

संध्याकाळी जेवताना क्षिप्राने विषय काढलाच. "वहिनी, निदान अर्ज पोचला एवढं तरी सांग."

"त्याबद्दल मला बोलता येत नाही."

"मग पोळी वाढता येते का, की त्यालाही फॉर्म आहे?"

मुकुल खो खो हसला. "अगं, इतकी सरळ बाई तुला अख्ख्या सिंगापुरात मिळायची नाही."

मी पोळी वाढली. मंगळवार, बुधवार, गुरुवार ती माझ्यासमोर बसून चहा प्यायली. एक वाक्य पुरलं असतं. शुक्रवारी पाच वाजता मी घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून एक मिनिटाने पुन्हा पाहिलं.

पुढच्या मंगळवारी नकार आला. ती रडेल म्हणून मी काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. "शी! एका सहीसाठी!" एवढं म्हणून ती आंघोळीला गेली. माझं वाक्य तसंच राहिलं.

शनिवारी दुपारी तीनला तिने लॅपटॉप उघडला तेव्हा मी शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होते. स्क्रीनवर लेस्टरच्या नीलिमा आणि मॉरिशसच्या साधनाताई होत्या. साधनाताईंचे पणजोबा रत्नागिरीहून गेलेले. त्यांचं मराठी शब्द शोधत शोधत येत होतं.

"चूक माझी," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "दोन वर्षांची मेहनत तुमची. मी... मी बुडवली."

"साधनाताई, पुरे हं," क्षिप्रा म्हणाली. "पैसे नाहीत तर नाहीत. मी इथे चार बायकांशी बोललेसुद्धा."

"फक्त चार?" नीलिमा म्हणाल्या. "माझ्या सहा झाल्या. त्यातली एक तर नवऱ्याला शिव्या गुजरातीत देते!"

तिघी हसल्या. साधनाताई रडता रडता हसल्या. मी हातातली घडी मोडून पुन्हा घातली. मला वाटलं होतं, मी काहीतरी थांबवलं आहे.

"वहिनी, ये ना इकडे," क्षिप्राने मला ओढून शेजारी बसवलं. "ही माझी वहिनी. तिथेच काम करते, पण तिने या फायलीला हातसुद्धा लावला नाही."

साधनाताई पुढे झुकल्या. "मग तुम्हीच सांगा. इतकी साधी गोष्ट मला कशी दिसली नाही?"

"कुणालाच दिसली नसती," मी म्हणाले.

"काहीतरीच!" क्षिप्राने माझ्या खांद्यावर हात टाकला आणि त्या दोघींना अभिमानाने सांगितलं, "हिला पहिल्या नजरेत दिसली असती."

नीलिमांनी मान डोलावली. साधनाताईंनी मला हात जोडले.