डाव्या हातातली पूजा

आमची शिवांजली पुण्यात नेमकं काय शिकते, ते नेकनूरमधी कुणालाच सांगून पटलं न्हाई. आदी लातूरला फिजिओथेरपी झाली, तवर ठीक व्हतं. मालिशवाली डॉक्टरीण म्हणून लोकांनी मनाची समजूत काढली. मंग ती पुण्याला गेली, माणसाच्या हालचालीच्या शास्त्रात एम.एस्सी. करायला. म्हंजे माणूस चालतो कसा, वाकतो कसा, खाली बसलेला उठतो कसा. शेजारची छबुबाई मला म्हणली, "अगं गंगासागर, बसलेलं माणूस उठतंय कसं, ते बगायला पुण्याला कशाला जायाचं? माझ्या दारात ये म्हणावं. मी दिवसभर ऊठबसच करायलेय." मी म्हणले, "तुझं उठणं बगण्यासारखं असतं तर तुझ्या नवऱ्यानं बगितलं असतं." पण पुढच्या सुट्टीत पोरीनं खरंच छबुबाईच्या गुडघ्याला, कमरेला गोल टिकल्या चिकटवल्या आन् मोबाईलवर तिचं उठणं-बसणं काढून नेलं. मंग बाई गावभर सांगत हिंडली, माझे गुडघे पुण्याला शिकायला गेलेत म्हणून.

हसणाऱ्याला हसू द्या, पण पोरीचं म्हणणं मला पटलं व्हतं. ती म्हणायची, "आई, परदेशातल्या पुस्तकात समदे खुर्चीवरून उठतात. आपल्याकडं माणूस जेवायला, पूजेला, मयतीला, समद्याला खालीच बसतंय. आपल्या म्हाताऱ्या माणसाला हात न टेकता उठता येतं का, ते कुणी नीट तपासलंच न्हाई." तोच तिचा प्रबंध व्हता. माझा दीर केदारनाथ म्हणायचा, पोरीचं वय चाललंय, स्थळं बगा. आमचे मालक चन्नप्पा, म्हंजे पोरीचे आप्पा, दुकानात गल्ल्यावर बसल्या बसल्या म्हणायचे, "शिकू दे रे तिला." आमचं किराणा दुकान हाय, बसस्टँडच्या अंगाला.

दिवाळीच्या तोंडावर दुकानात ही गर्दी. मालकांच्या डाव्या हातातून तेलाचा डबा सुटला. मी चिडून म्हणले, लक्ष कुठं हाय तुमचं? ते बोलायला गेले तर तोंड वाकडं झालेलं. बीडच्या दवाखान्यात नेलं, लकवा निघाला, पण जीव वाचला. बोलणं हळूहळू परत आलं, काठी घेऊन चालायलाही लागले. डावा हात मात्र गेला. मूठ घट्ट आवळलेली, कोपरात दुमडून छातीला लागलेली.

आमी लिंगायत. इष्टलिंग छोट्या डबीत घालून गळ्यात असतं. आंगोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, उजव्या हातानं भस्म लावायचं, बेल वाहायचा. लिंगाला डावाच हात. आमच्या घरातली चालच तशी. यांची पूजा एक दिवस चुकलेली मला ठावं न्हाई. आमच्या लग्नात समदं वऱ्हाड खोळंबलं, पण नवरदेव पूजा उरकूनच बोहल्यावर आला. पूजेआदी पाण्याचा घोट न्हाई. आमचे स्वामी, म्हंजे घरचे गुरू, ते म्हणले, आजारात माफ असतं. गळ्यातल्या लिंगाला नुसता हात लाव आन् जेव. हे तसं करायले. पण भाकरीचा तुकडा तोंडात घोळत बसायचे आन् त्या मुठीकडं बगत राह्यचे. डोळ्याला धार लागायची. हात गेल्याचं दुःख न्हाई, पूजा गेल्याचं.

शिवांजली रजा टाकून आली. पुण्याच्या मॅडमनी तिला शिवरात्रीपर्यंत मोकळीक दिली. त्येच्यानंतर प्रबंध न्हाई दिला तर वर्ष वाया जाणार व्हतं. आल्या आल्या ही बापापुढं बसली आन् म्हणली, "आप्पा, शिवरात्रीला तुमी डाव्या हातातच पूजा करायची. जबाबदारी माझी." मी तिला सैपाकघरात वढलं आन् म्हणले, "बाई, असा शब्द देऊ न्हाई." ती म्हणली, "तू बग तरी."

मंग सुरू झालं. सकाळ-दुपार खांदा, कोपर, मनगट. शिवाय तिची एक रीत व्हती. यांचा उजवा हात उपरण्यात गुंडाळून अंगाला बांधून ठेवायचा. उजवा मोकळा असला की डावा आळशी व्हतो, त्येला कामाला लावायचं तर उजव्याला सुट्टी द्यायची, असं तिच्या शास्त्रात हाय म्हणे. डाव्या मुठीत आदी बटाटा, मंग लिंबू, मंग लिंगाएवढा नदीतला गोटा. पोरगी आपल्या हातानं बोटं उघडायची, गोटा ठेवायची, धरून राह्यची आन् हळूच सोडायची. कदी गोटा थोडा वेळ टिकायचा. तेवढ्यावर बाप-लेक असे खूश व्हायचे की मला बगवायचं न्हाई. केदारनाथ आला की कुरकुरायचा, "वहिनी, बापाला बांधून घातलंय पोरीनं." मी म्हणायचे, "तू सोड मंग, आन् रोज सकाळी ये त्येंचं करायला." त्येवर गडी चहा पिऊन निघून जायचा.

एकदा ती खांदा हलवायली व्हती आन् मॅडमचा फोन स्पीकरवर व्हता. मॅडम म्हणल्या, "शिवांजली, बोटं स्वतःहून थोडी तरी उघडत असतील तरच ही पद्धत चालते. त्यांची उघडतात का?" पोरगी म्हणली, "उघडतील, मॅडम." मी डाळ निवडत व्हते. मला त्या दोन बोलण्यातला फरक तवा कळला न्हाई.

शिवरात्र आली. देवघरापुढं घोंगडी टाकली, भिंतीला टेकून हे बसले. केदारनाथ, त्येची बायको, छबुबाई, समदे जमले. मी म्हणले, आज तरी उजवा हात सोडा. यांनीच मान हलवली, "राहू दे. लिंग टिकलं की भस्म लावायला सोडू. उजवा सुटला की डावा भितो." पोरीनं मूठ उघडली. यांच्या गळ्यातली डबी उघडून तिनं त्येंच्या तळहातावर लिंग ठेवलं. खालून ती हात धरून व्हती. हे लिंगाकडं बगत राह्यले. तोंडावर असा उजेड आला, मी दिवाळीपासून तसं तोंड बगितलं न्हवतं. मंग हे म्हणले, "सोड."

तिनं हात काढला. लिंग टिकलं. छबुबाईनं हात जोडले. आन् तेवढ्यात हात आपल्या मनानं छातीकडं आखडला, मूठ वाकडी झाली आन् लिंग फरशीवर पडलं.

उजवा हात मोकळा असता तर यांनी झेललं असतं. उपरण्याच्या आत तो हात कसा तडफडला, ते मी शेजारी बसून बगितलं. मी घाईनं गाठ सोडली. यांनी लिंग उचललं, डोळ्याला लावलं, गळ्यात घातलं. आमच्यातले जुने लोक म्हणतात, लिंग हातातून पडलं तर माणसानं जीव ठेवू न्हाई. ते त्या खोलीत कुणी बोललं न्हाई, पण समद्यांच्या मनात तेच आलं.

तवापासून हे जेवेनात. गोळ्यांपुरतं पाणी घ्यायचे. भाताची पेज केली, गुळाचा शिरा केला, मी हात जोडले, मी भांडले, ताट आपटलं. "उपाशी मरायचं असंल तर मला पण सांगा, दोन ताटं कशाला वाढू?" असं सुद्धा बोलले. हे नुसते भिंतीकडं तोंड करून पडायचे. केदारनाथनं दारात उभं राहून पोरीला सुनावलं, "एवढं शिकलीस, शेवटी बापाच्या हातचं लिंग पाडलंस." पुण्याला जायला भरलेली बॅग तिनं उपसली, कपडे परत कपाटात ठेवले आन् मला म्हणली, "मी न्हाई जात आता. जे शिकून आप्पाची अशी गत केली, ते पुरं करून काय करू?" मला दोघांचाही राग आला. यांचा आला, कारण हे उपाशी पडून पोरीला शिक्षा द्यायले व्हते. तिचा आला, कारण ती मुकाट घ्यायली व्हती. आन् आतून मी भेदरले व्हते. नवरा जातो का पोरीचं शिक्षण जातं, का दोन्ही, ह्येच मनात चाललेलं.

मीच स्वामींना बोलावणं धाडलं. म्हातारे स्वामी जीपमधून उतरून आले. त्यांनी लिंग हातात घेऊन उजेडात फिरवून बगितलं. कुठं टवका गेला न्हवता. त्यांनी त्येला पाण्यानं धुतलं, भस्म लावलं, मंत्र म्हणला आन् परत यांच्या गळ्यात घातलं. म्हणले, "चन्नप्पा, लिंग तुला सोडून गेलेलं न्हाई. ऊठ, जेव."

हे म्हणले, "उद्या परत पडलं तर?"

स्वामी म्हणले, "ते मला सांगता यायचं न्हाई. हात कसा चालतो ते मी शिकलेलो न्हाई." आन् त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या शिवांजलीकडं बगितलं.

हे कसेबसे उठून बसले. "शिवा, हिकडं ये. खरं सांग मला. हा हात येईल का?"

केदारनाथनं मागून तिला खुणावलं, हो म्हण. मला सुद्धा तेच वाटायलं व्हतं. खोटं बोल माझे बाई, दोन घास तरी जातील पोटात, असं मी मनात म्हणायले. पोरगी बापापुढं खाली बसली. तिचा आवाज बारीक झाला व्हता, पण फिरला न्हाई.

"न्हाई आप्पा. खांदा अजून थोडा सुधरंल. कोपर सुधरंल. पण बोटं आपल्या मनानं उघडायची न्हाईत. मला ते आदीपासून दिसायलं व्हतं. तुमच्या तोंडाकडं बगून सांगवलं न्हाई."

मला वाटलं, संपलं आता. हे त्या मुठीकडं बगत म्हणले, "हे मला कुणी आदी सांगितलंच न्हाई. डॉक्टर म्हणले येईल, केदार म्हणला येईल, तू म्हणलीस येईल. समदेच येईल म्हणायले आन् हात तर येईना. मी म्हणलं, माझीच भक्ती कमी पडायलीय. माझ्याच मनात काय खोट असंल, म्हणून देव हातावर थांबंना."

एवढे दिवस हा माणूस हे मनात घेऊन भिंतीकडं तोंड करून पडला व्हता. आमी समजलो, पोरीवर रुसलाय. मी पदर तोंडात धरून रडले. शिवांजलीनं त्येंच्या मांडीवर डोकं टेकलं. यांनी उजवा हात तिच्या डोक्यावर ठेवला आन् म्हणले, "तुझं चुकलं ते येवढंच, की उशिरा सांगितलंस." मंग स्वामींना विचारलं, "लिंग माझ्याच तळहातावर, पण हाताखाली दुसऱ्याचा हात. असं चालंल का?"

स्वामी म्हणले, "चालंल. खाली कुणाचा हात हाय, ते देव विचारत बसत न्हाई."

पोरीनं लगेच आपला हात पुढं केला. यांनी तो बाजूला सारला. "तू न्हाई. तू पुण्याला गेल्यावर मी काय करू? तुझ्या आईला शिकव."

पोरीनं बापाकडं बगितलं, माझ्याकडं बगितलं. डोळे पुसले आन् मला यांच्या डाव्या अंगाला बसवलं. मी बोटं धरून वढायला लागले तर म्हणली, "वढू नको आई. वढलं की मूठ जास्त आवळती. आदी मनगट खाली वाकव. अजून. आता थांब." मी थांबले. बोटं जरा सैल पडली. "आता अंगठा बुडापासून बाहेर घे. टोकाला धरू नको. हां. आता तुझा तळवा खाली घाल आन् हळूहळू मनगट वर आण." पहिल्यांदा हात आखडला, दुसऱ्यांदा मीच घाबरून सोडला. ती न चिडता परत परत सांगत राह्यली. माझी पोरगी चांगली मास्तरीण हुईल, ते मला त्या दिवशी कळलं.

मंग यांनी आंगोळ केली. लिंग तळहातावर आलं, तळहात माझ्या तळहातावर. यांचा हात येवढा जड असंल असं मला वाटलं न्हवतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चार माणसांत यांचा हात हातात घेऊन मी कदी बसले न्हवते. स्वामी म्होरं, दीर म्होरं, मला लाज वाटायली. यांना कशाची लाज न्हवती. हे बेल वाहत व्हते. पूजा झाल्यावर दुधात भाकरी कुस्करून दिली, ती यांनी समदी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी बीडच्या बसमधी पोरीला बसवलं. तिथून ती पुण्याची गाडी धरणार व्हती. खिडकीतून म्हणली, "आई, मला समदं येतंय असं वाटायलं व्हतं." मी म्हणले, "येत न्हाई म्हणूनच शिकायला लावलंय. जा आता, छबुबाईचे गुडघे तिथं वाट बगायलेत." ती रडता रडता हसली.

आता रोज सकाळी आमी दोघं देवघरापुढं बसतो. कदी मूठ लवकर सुटती, कदी सुटता सुटत न्हाई. मी वढत न्हाई, थांबते. यांची पूजा झाली की मंग माझी. दुकान उघडायला उशीर व्हतो, गिऱ्हाईक शटर वाजवतं. वाजवू दे.

दुपारी पोरीचा फोन येतो. पयल्यांदा तेच विचारती, "आई, आप्पाचा हात कसा हाय?"

मी खरं ते सांगते. "हात हाय तसाच हाय. पूजा झाली. जेवलेत."