तीनशे रोट, दोन कान

"शहाता, तो डोंगर बाहेर ठेव आणि मग आत ये!" मी ओरडलो.

"ठेवता येत नाही, हाजी. उतरवायला दोघं लागतात, चढवायला दोघं. मी पडलो एकटा," असं म्हणत तो, उंट बसतो तसा गुडघ्यांत दुमडत, मान ताठ ठेवून माझ्या शटरखालून आत शिरला. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर खजुरीच्या काड्यांची पुरुषभर लांब फळी आणि फळीवर नुकतेच भट्टीतून निघालेले तीनशे फुगीर रोट. वर दोन चिमण्या बसल्या होत्या. त्या आबदीनच्या बेकरीपासून फुकटात आल्या होत्या आणि उतरायचं नाव घेत नव्हत्या. खोटं वाटत असेल तर शेजारच्या पंखेवाल्या गिरगिसला विचारा. तो माझ्यापेक्षा जास्त थापा मारतो, पण चिमण्या त्यानंही मोजल्या होत्या.

कैरोच्या अब्दुल अझीझ रस्त्यावर मी चाळीस वर्षं आवाज विकतोय. आधी रेडिओ, मग कॅसेटची यंत्रं, आता ही कानात घालायची बिनतारी भानगड. पण भरली फळी घेऊन हेडसेट निवडायला आलेला माणूस मी एकच पाहिला.

"पायताण पायात घालूनच बघतात ना?" शहाता म्हणाला. "मग हे ओझ्याखालीच बघायला पाहिजे. आणि लवकर करा हाजी, दुपारची, जुहरची अजान झाली की मुअल्लिमेचा फोन येणार."

मुअल्लिमा कौसर म्हणजे त्याच्या बेकरीची मालकीण. बावीस वर्षं शहाता तिचे रोट सायकलवरून अताबा चौकातल्या उसळीच्या गाड्यांवर पोचवत होता. एक हात फळीला, एक हात हँडलला. आता गाडीवाले पंधरा-पंधरा मिनिटांनी फोन करून आकडे बदलायला लागले होते आणि शहाताच्या खिशातला फोन वाजून वाजून गप्प होत होता. तिसरा हात आणायचा कुठून? शेवटी त्या दिवशी सकाळी तिनं निर्वाणीचं सांगितलं होतं, "अजान झाली की फोन करीन. वाटेत उचललास तर रस्ता तुझा. नाही तर उद्यापासून माझा भाचा तीनचाकी घेऊन जाईल. तू भट्टीपाशी बस आणि पीठ चाळ."

"पीठ चाळायचं म्हणजे बसूनच की," गिरगिस दारातून म्हणाला. त्याच्याकडे शहाताची सायकल धरायचं काम होतं. "आराम आहे बाबा!"

"तू बस तिथं. तुझे पंखे तरी फिरतील," शहाता मान न हलवता म्हणाला.

मी त्याला आधी एका कानाचं यंत्र दाखवलं. त्यानं ते ओळखलं.

"हे फूटपाथवरून घेतलं होतं गेल्या आठवड्यात. उजव्या कानात जुन्या गाण्यांतल्या बाई गायला लागल्या, की मान आपोआप उजवीकडे झुकते हो. इतकं गोड गातात, झुकणारच ना माणूस! बावीस रोट गटारात. मला दोन्हीकडे सारखं पाहिजे. एका गुंजेचाही फरक नको."

"मग गाणी कशाला? फक्त फोनच घे की."

"गाण्याशिवाय पाय चालत नाहीत, हाजी. ती जुनी, पाव तास नुसतं वाद्यच वाजतं आणि मग बाई तोंड उघडतात, तसलं लागतं. त्या ठेक्यावर पेडल मारलं की फळी पाण्यावर तरंगल्यासारखी जाते."

म्हणून मी डोक्यावरून घालायचा मोठा हेडसेट काढला. गाद्या अशा की राजा झोपेल त्यांच्यावर. शहातानं नुसती चुंबळीकडे बोट करून दाखवलं. "ती जागा भाड्यानं गेलीय."

मग मी कपाट उघडलं आणि दुकानातला सगळ्यात महागडा नग आणला. दोन कानांत दोन बोंडं, आणि बाहेरचा सगळा गोंगाट बंद. बड्या लोकांची चीज. मी त्याच्या कानांत बसवून दिली, गाणं लावलं, आणि तो गुडघ्यांत वाकून रस्त्यावर गेला.

दोन पावलं टाकली असतील नसतील, त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"हाजी! शहर मेलं!"

मागून एक मायक्रोबस भोंगा फुंकत आली. गिरगिस घसा फोडून ओरडला, "शहाता, सरक!" शहाता उभाच, ठार बहिऱ्यासारखा. गिरगिसनं सायकल सोडली आणि त्याला झब्ब्याला धरून ओढलं. बस फळीच्या टोकाजवळून वाऱ्यासारखी गेली. एक रोट हलला आणि पुन्हा जागेवर बसला. चिमण्यांनी मात्र तिथंच हा प्रवास सोडला.

"काढा, काढा ते!" शहाता ओरडला. "मला मागं वळून बघता येतं का? माझे आरसे कुठं आहेत सांगा. हे कान म्हणजे माझे आरसे. डावीकडून कोण, उजवीकडून कोण, किती घाईत, किती चिडलेला, सगळं मी भोंग्यावरून ओळखतो. आणि तुम्ही हजारो घेऊन मला आंधळं करताय?"

मी खजील झालो. चाळीस वर्षं आवाज विकूनही आवाज कशाला लागतो हे मला रोट वाहणाऱ्यानं सांगावं! एवढ्यात कुठल्याशा मिनारावर कुणीतरी घसा साफ केला आणि अजान सुरू झाली.

शहातानं डोळे मिटून घेतले.

तेव्हा मला माळ्यावरचं खोकं आठवलं. तीन वर्षं त्याला गिऱ्हाईक नव्हतं. लोक घालून बघायचे आणि म्हणायचे, कान तर मोकळेच राहिले, पैसे कशाचे? मी सत्तरीचा माणूस, पण त्या दिवशी शिडी चढलो ती माकडासारखा. धूळ फुंकली. मानेमागून जाणारी एक पट्टी आणि दोन्ही टोकांना दोन बटणं. ती कानांत जात नाहीत, कानांपुढच्या हाडावर टेकतात. चुंबळीला धक्का नाही, कानांना झाकण नाही.

मी गाणं लावलं.

शहातानं डोळे उघडले. "हाजी, माझे गाल गातायत!"

"दोन्ही?"

"दोन्ही. सारखे." तो ऐकत राहिला. "आणि गिरगिस शिव्या देतोय तेही ऐकू येतंय."

"फोन आला तर बटण कुठल्या हातानं दाबणार?" गिरगिसनं विचारलं. प्रश्न बिनतोड होता. शहातानं खांदा उचलून दाबायचा प्रयत्न केला, फळी डुचमळली, आम्ही दोघं किंचाळलो. मग मी त्याच्या खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर सरकवून खाटखुट केलं आणि दोन घंट्यांनंतर फोन आपला आपणच उचलला जाईल अशी सोय करून दिली. अजान संपत आली होती.

तो सायकलवर चढला आणि अताबाकडे निघाला. मी दुकान उघडं टाकून मागं धावलो, माझ्यामागं गिरगिस. चौकात मायक्रोबस, हातगाड्या, मोसंबीवाले, सगळा कल्लोळ. त्याच्या अगदी मधोमध शहाता पोचला आणि आम्हाला त्याचा आवाज ऐकू आला.

"सलाम अलैकुम, मुअल्लिमा! ...बोला की. ...नाही, थांबलो नाही, चालवतोय. ...अताबात. भोंगे ऐका ना! ...मोस्कीच्या गाडीला नको? अझबकियाच्या कुंपणापाशी? साठ रोट जादा? ...वळलो."

आणि तो खरंच वळला. गर्दीतून, डावीकडे, एका हातानं. मागचा ट्रकवाला भोंगा वाजवत आला, शहातानं बरोबर हातभर वाट दिली. तीनशे रोट त्याच्याबरोबर असे वळले की जणू चौकच त्यांच्याभोवती फिरला. एकही पडला नाही. मी मोजत होतो.

"काय म्हणाली?" मी धापा टाकत ओरडलो.

"भाच्याला पीठ चाळायला बसवते म्हणाली!"

गिरगिसनं डोक्यावरची टोपी काढून आकाशात भिरकावली. मोसंबीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण वाजवल्या.

शहाताला वळून आमच्याकडे बघता येत नव्हतं. त्यानं फळीवरचा हात सोडला, सरळ वर आभाळाकडे उचलला आणि तसाच धरून, पाय ठेक्यात मारत, गर्दीतून निघून गेला. लांबवर फक्त रोटांची फळी दिसत राहिली, आणि तिच्या शेजारी तो रिकामा, उघडा हात.