मधली जागा

डोकं फिरणार नाही तर काय होईल हो? एक्क्याऐंशी साल, म्हणे अपंगांचं वर्ष. रत्नागिरीत एका मंडळाने कार्यक्रम ठेवला आणि आमच्या वाडीच्या जाखडी नाचाला बोलावलं. का, तर ढोलकी वाजवणारा मी, बाबल्या. लहानपणी पोलिओने दोन्ही पाय गेले, हातांवर सरकत चालतो.

गणपतीत वाडीत नाच असतो तेव्हा मी मधे बसतो. शेजारी माझा चुलतभाऊ आनंदा गातो, आणि आमच्याभोवती पायात चाळ बांधलेले गडी फेर धरून नाचतात. माझी मान हलली की सगळे एकदम गिरकी घेतात. तिथे माझ्या पायांची चौकशी आजवर कुणी केली नाही.

तर त्या संध्याकाळी गेलो. स्टेजला सात पायऱ्या. अपंगांचा कार्यक्रम, आणि सात पायऱ्या! दोघांनी मला भाताच्या पोत्यासारखं उचलून वर ठेवलं. शाल, नारळ, टाळ्या, फोटो. मंडळाचे सेक्रेटरी माझ्या जिद्दीवर पंधरा मिनिटं बोलले. म्हटलं, बोला बाबा, एकदाचे बोला आणि मला वाजवू द्या.

मग मला उचलून विंगेत बसवलं आणि ते मागोमाग आले. "बाबल्याभाऊ, सत्कार झाला ना छान? आता नाचाला तुम्ही इथूनच वाजवा. मधे आमचा रामा बसेल, दुसरी ढोलकी घेऊन. नुसते वरच्यावर हात हलवेल. मोठे पाहुणे आलेत, तुम्हाला बघून त्यांना उगाच वाईट वाटतं."

रामा म्हणजे मंडळाचाच एक उंचापुरा गडी. तालाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

मी आनंदाकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. "आजच्यापुरतं ऐक रे. पसंत पडलं तर मुंबईला नेणार हायत आपल्याला."

"आणि मी?"

"तूच तर वाजवणार हायस."

असा संताप आला! परका बोलला ते सोडा, पण ज्याला मी मांडीवर थापा मारून ताल शिकवला, तो? पडदा वर गेला आणि मी विंगेत बसून मुकाट वाजवायला लागलो. त्याची मला अजून लाज वाटते.

पहिलं कडवं कसंबसं निभावलं. रामा मधे बसून वाटेल तशी मान डोलवत होता. गडी ती बघून फिरायचे आणि एकमेकांवर आदळायचे. मी हात थांबवले. आवाज बंद, आणि रामाचे हात चालूच! लोक खो खो हसायला लागले.

"अहो, वाजवा!" सेक्रेटरी दात-ओठ खात म्हणाले.

"तुमचा रामा वाजवतोय ना!" मी म्हटलं, ढोलकी गळ्यात अडकवली आणि सरकत स्टेजवर गेलो, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. पुढच्या रांगेतून 'अरेरे' ऐकू आलं. खड्ड्यात गेलं तुमचं अरेरे! "ऊठ," मी रामाला म्हटलं. तो बिचारा टुणकन उठला.

तेवढ्यात पडदा धाडकन खाली आला. सेक्रेटरींनीच खुंटीवरून दोरी सोडली होती.

आनंदा उठून त्यांच्याकडे गेला. मला वाटलं, गेला माफी मागायला. त्याने त्यांच्या हातातली दोरी हिसकावून घेतली, पडदा वर ओढला, दोरी खुंटीला गुंडाळली आणि माझ्या शेजारी येऊन बसला.

"मुंबई गेली," तो म्हणाला. "चुकलो रे, बाबल्या."

"तुझ्याकडे घरी जाऊन बघतो," मी म्हटलं. "आता गा."